डावं दार

गुळवणींच्या गाडीला एकच हात लागलेला होता,
असं त्यांनी तीनदा सांगितलं,
आणि चहा झाल्यावर पुन्हा एकदा.
कर्वेनगरात, सोसायटीच्या पार्किंगमध्ये
ती जुन्या पलंगपोसाखाली झोपलेली,
राखाडी, दोन हजार अकराची,
सीटवर कव्हर, कव्हरावर प्लास्टिक.
सोबत एक वही: पेट्रोल कधी भरलं, किती लिटर, किती किलोमीटर,
चाकांतली हवासुद्धा.
एवढं लिहिणारा माणूस काय लपवणार, मी म्हटलं,
आणि एक लाख पासष्ट हजार
दोन दिवसांत मोबाइलवरून पाठवून मोकळी झाले.

वारज्याच्या पुलापर्यंत सगळं ठीक होतं.
चांदणी चौकाच्या चढावर काटा
लाल रेघेला जाऊन टेकला आणि तिथेच रमला.
डावीकडे वळलं की हॉर्न वाजायचा,
न विचारता मत देणाऱ्या नातेवाइकासारखा.
पुढचा रिक्षावाला मान बाहेर काढून म्हणाला,
"ताई, उडून जाऊ का?"

खडकीला फ्रान्सिस साळवे बॉनेटखाली शिरला
आणि बराच वेळ काही बोलला नाही.
डॉक्टर असं करतात तेव्हा आपण उगाच फाइल चाचपतो.
मग त्याने स्पार्क प्लगच्या खोक्यावर लिहिलं:
रेडिएटर. वॉटर पंप. क्लचप्लेट संपली.
डिकीत स्टेपनीखाली पाणी,
गप्पी मासे सोडले असते तर जगले असते.
"गाडी वाईट नाही मॅडम,
फक्त दोन वर्षं कुणी चालवली नाहीये."
आकडा त्याने सगळ्यात शेवटी लिहिला, तोही बारीक.

आणि डावं दार.
बाहेरून उघडतच नाही.
आई फुटपाथवर काठी घेऊन उभी,
हँडल ओढते, सोडते, पुन्हा ओढते.
"तू घेतलीस की तुझ्या गळ्यात मारली?"

रात्री भांडायच्या तयारीनेच फोन लावला,
मुद्दे कागदावर, क्रमाने.
रेडिएटरला ते म्हणाले, असं?
हॉर्नला म्हणाले, अरेच्चा.
दारापाशी मात्र थांबले.
"ते बिघडलेलं नाहीये हो.
ते आतून उघडायचं असतं.
आपण बसायचं, वाकायचं, उघडायचं.
विजू बाहेर उभी असायची, मी उघडायचो.
अकरा वर्षं.
तुम्हाला सांगायचं राहिलं.
सांगण्यासारखं आहे, हे लक्षातच आलं नाही."

वहीचं शेवटचं पान मी तेव्हा नीट वाचलं नव्हतं.
हॉस्पिटल, जाणे-येणे, ९.
हॉस्पिटल, जाणे-येणे, ९.
एकेचाळीस ओळी, एकाच निळ्या पेनाच्या.
बेचाळिसाव्या ओळीत नुसतं जाणे, ४.५.
पुढे कोरी पानं, आणि पीयूसीची एक पावती.

म्हणून मी पैसे सोडले, असं काही नाही.
वॉटर पंपाचे निम्मे मागितले.
सकाळी दहाच्या आत आले,
खाली मजकूर: वॉ. पं. निम्मे, क्षमस्व.
मी ते वहीत उतरवून ठेवलं, त्यांच्या अक्षराखाली,
माझं अक्षर तिरकं जातं तरी.

फ्रान्सिसने बाकी सगळं केलं.
दाराची केबल तीनशे वीस रुपयांची,
आणली, आणि अजून पुढच्या कप्प्यात पुडीतच आहे.
पुढच्या सर्व्हिसिंगला बसवू, मी म्हणते.
तो म्हणतो, दहा मिनिटांचं काम आहे मॅडम.
आई म्हणते, मारली ती मारलीच गळ्यात,
आणि काठीने टायर ठोकत उभी राहते
मी वाकून उघडेपर्यंत.

हॉर्नचं कारण त्याला सापडलं म्हणतो.
तरी बावधनला डावीकडे वळताना
कधीतरी वाजतोच.
पुढचा रागाने मागे बघतो.
आई त्याला हात करते.