तुझे बूट घालून

ऋजुता,
तुझे बूट सापडले माळ्यावर,
रद्दीच्या गठ्ठ्यामागे, उजव्यात झुरळाचं एक पंख.
आपल्या पायांचा नंबर एकच, हे विसरलेच होते मी.
नाड्या धुतल्या, उन्हात ठेवल्या,
आणि रविवारी पहाटे साडेपाचला
रामबागेच्या कोपऱ्यावर जाऊन उभी राहिले,
सहा जणांत सातवी.

गाडीत तुझे फोटो दाखवले तळवलीकरांना.
ती तुझी हिरवी दरी, दगडांच्या बुटक्या भिंती,
फाटकावर पाटी : मेंढ्या आहेत, कडी लावून घ्या.
वाटांचे तीन प्रकार, सोपी, मध्यम, दमवणारी,
आणि प्रत्येक वाट संपते तिथे चहा.
तळवलीकर म्हणाले, "वा! डोंगराला नियमावली!"
सलीमनं वळण घेता घेता विचारलं,
"मेंढ्या वाचतात का पण?"

आपल्या दरीला एवढं लिहिता येत नाही.
पाताळपाणीला एक पाटी आहे, पुढे धोका म्हणणारी.
तिला टेकूनच लोक फोटो काढतात.
फेब्रुवारीतला धबधबा म्हणजे
वरच्या मजल्यावर कुणी बादली लावली की
आपल्या नळाला येतं, तेवढं पाणी.
पण तो पडतो ती खोली मात्र
उन्हाळा-पावसाळा बघत नाही.
मी कठड्यापाशी उभी राहिले.
तीस वर्षं वीज मंडळात आकडे उतरवले,
इथे काय उतरवावं कळेना.

मग रुळांच्या कडेकडेनं.
बोगद्यात तळवलीकरांनी हाक मारली, "कुसुम!"
आवाज घुमवून बघतात ना, तशी, सहजच.
वहिनींना जाऊन आठ वर्षं झाली.
हाक परत आली, जराशी जाड होऊन.
कुणी काही बोललं नाही.
मी विजेरी मालवली.

पलीकडे सागाची पानं, ताटाएवढी,
पावलागणिक पापड मोडल्यासारखा आवाज.
पळसाला अजून फूल नाही, नुसत्या काळ्या मखमली मुठी.
खाली चोरल नदी, तुकड्यातुकड्यांत चमकणारी.
वाट उतरली, आणि फुटली दोन ठिकाणी.
पाटी नाही. फोनला रेंज नाही.
आणि नेमका तिथेच
तुझ्या डाव्या बुटाचा तळ
जीभ काढावी तसा लोंबू लागला.

मोळी घेऊन चढत होती झमकूबाई.
मोळी झाडाला टेकवली, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.
"काय न्यायला आलात?"
"काही नाही. चालायला."
"वर काही पोचवायचं होतं?"
"नाही."
तिनं हे पुन्हा एकदा मनाशी म्हणून बघितलं असावं.
मग बसली, माझा पाय मांडीवर घेतला,
(मी नको नको म्हणत होते, खरंच)
पळसाच्या मुळांच्या दोरानं बूट आवळला,
दोन वेढे, एक गाठ, तिसरा वेढा टाचेमागून.
गाठ तिनं दातांनी ओढली.
उजवी वाट नदीला जाते, डावी माझ्या घरी, म्हणाली.
मोळी उचलून गेली डावीकडे.
तिचे पाय अनवाणी होते,
हे मला ती वळणाआड गेल्यावर दिसलं.

कालाकुंडला पानाच्या द्रोणात कलाकंद खाल्ला.
सगळे आपापल्या गुडघ्यांविषयी बोलत होते.
मी दोराकडे बघत होते.
डोंगर उतरून आला होता तो, सैल न पडता.

तू फोनवर विचारलंस, वाट कशी होती, सोपी का मध्यम?
मी म्हटलं, छान होती.
दुकानदार म्हणतो तळ नवा बसेल, अडीचशे रुपये.
थांब म्हटलं, आठ दिवसांनी सांगते.
बूट दारातच आहेत, दोरासकट.
झाडताना मी केरसुणी त्यांच्या बाजूनं नेते.

पुढच्या रविवारी जानापाव.
तळवलीकर म्हणतात, सोपं आहे.
मी चिवडा करणार आहे, जरा जास्तीचा,
आणि चपला घ्याव्यात म्हणते एक जोड,
माप माहीत नाही, अंदाजानं,
डावीकडच्या वाटेसाठी.