साबणाचं पाणी

उद्यमबागेत आमचं शेड, मागच्या गल्लीत:
दोन लेथ, एक बोअरिंग मशीन, आणि शटुप्पा,
जो मायक्रोमीटरआधी अंगठ्यानं माप घेतो
आणि बहुतेक वेळा बरोबर असतो.

तीस वर्षं आम्ही पंपांचे फ्लँज कातले,
साखर कारखान्यांचे, कुणाकुणाचे, सगळ्या गोल गोष्टी.
दिवाळीनंतर धारवाडकडची एक कंपनी आली,
पाण्याची फोड करून वायू काढणारी.
"हिरवा," त्यांचा इंजिनिअर म्हणाला.
शटुप्पानं विचारलं, "दिसतोय व्हय?"
दिसत नाही. वास नाही.
पेटला तरी भर उन्हात ज्योत दिसत नाही.
"मग हिरवा कसा म्हणायचा ओ?"
"वाऱ्याच्या विजेवर काढतो, म्हणून."
शटुप्पानं मान डोलावली,
कन्नड फॉर्मवर सही करताना डोलावतो तशी.

चारशे फ्लँज दिले. बिल अकरा लाख चाळीस हजार.
तीन महिने ते फोन उचलत होते.
मग पत्र आलं, जाड कागदावर, कोपऱ्यात एक पान:
रोखीऐवजी शेअर घ्या, आजच्या भावात,
बाजारात नोंदणी झाली की चौपट.
चौपट या शब्दाखाली पेन्सिलीची रेघ होती.
ती आमच्या भाच्याची, प्रज्वलची.

प्रज्वल बेंगळुरूला असतो. त्याच्या फोनमध्ये
सगळे आलेख उजवीकडे वर जातात.
"मामा, खतवाले, पोलादवाले, जहाजवाले, सगळे हेच मागणार.
शिरायचं तर आत्ता."
खरंही असेल. सौंदत्तीच्या माळावर मी पवनचक्क्या पाहिल्यात,
वारा भणाणत असताना पाती बांधून उभ्या,
वीज घ्यायला कुणी नाही म्हणून.
त्या वाऱ्याला नोकरी लागली तर कुणाला नको आहे?

माझी बायको मलप्रभा,
पतसंस्थेत बावीस वर्षं कर्जाच्या टेबलावर.
तिनं चष्मा पुसला.
"माल कोण घेणार, त्याचं नाव लिहून दिलंय काय?
किलोला पन्नास-पंचावन्न युनिट वीज म्हणालास,
ती कुठल्या भावानं, किती वर्षं?
आणि नऊ लिटर पाणी. शुद्ध.
कुठल्या नदीचं?"
सौंदत्तीचं धरण तिच्याच नावाच्या नदीवर आहे.
मे महिन्यात काठचा चिखल भेगाळतो.
मी हसलो. ती हसली नाही.

मला या वायूची एकच गोष्ट नीट कळते:
तो लोखंडात शिरतो.
सगळ्यांत लहान, म्हणून कुठूनही वाट काढतो,
आत बसून राहतो, आणि चकाकणारं पोलाद
एक दिवस काचेसारखं तडकतं.
गंज नाही, वाकणं नाही, आधी कुरकुर नाही.
म्हणून त्यांनी भारीतलं स्टेनलेस मागितलं
आणि आम्ही ते दिलं, स्वतः उधारीवर आणून.

रात्री शेडमध्ये एकटाच थांबलो.
उरलेले दोन फ्लँज जोडले, मध्ये गॅस्केट,
हवा भरली, सांध्यावर साबणाचं पाणी फिरवलं.
एक बुडबुडा. मोहरीएवढा.
फुटला, आणि तिथंच पुन्हा आला.
बोल्ट आवळत गेलो, समोरासमोरचे, आळीपाळीनं, थोडे थोडे.
एकच बोल्ट जीव लावून आवळला
तर पलीकडची बाजू उघडते;
हे शिकताना माझं एक गिऱ्हाईक गेलंय.

सकाळी उत्तर लिहिलं, प्रज्वलला न विचारता:
नऊ लाख रोख, हप्त्यानं चालतील, व्याजासकट.
उरलेल्याचे शेअर द्या.
तेवढे बुडाले तरी शटुप्पाचा पगार चुकत नाही.
खाली मलप्रभानं स्वतःच्या अक्षरात जोडलं:
"पाण्याचा परवाना मिळाला असल्यास
त्याची प्रत पाठवावी."

दोन महिने झाले. उत्तर नाही.
शटुप्पा मात्र रोज बशीतला चहा फुंकत विचारतो,
"काय म्हणतोय ओ,
तुमचा न दिसणारा?"