बताका

सोहारच्या औद्योगिक वसाहतीमागचं मैदान
म्हणजे पाणी मारून बसवलेली माती
आणि चुन्याच्या रेषा.
पहिल्या दहा मिनिटांत त्या बुटांना चिकटून निघून जातात.
त्यानंतर रेषा कुठे होती
हे फक्त मला माहीत असायचं असतं.

दिवसभर स्टोअरमध्ये मी नट-बोल्ट मोजतो,
सही घेतल्याशिवाय हातमोजासुद्धा देत नाही.
गुरुवारी रात्री नऊला काळा शर्ट चढवतो
आणि बावीस माणसं, पाच भाषा
एका शिट्टीच्या हिशेबात बसवायला निघतो.
शिट्टी दमट हवेनं खारट झालेली असते.

कोल्हापुरात खेळायचो तेव्हा
पंचाला घातलेल्या शिव्या मला आठवतात,
सगळ्या, क्रमाने.
एकदा तर त्याच्या सायकलची हवा सोडली होती.
आता माझ्या गुडघ्याची वाटी सरकलेली
आणि त्याच शिव्या मल्याळममध्ये येतात, नेपाळीत, अरबीत.
अर्थ कळत नाही. चाल कळते.

अब्देलमोनीम, सुदानचा, बावीस वर्षं शिट्टी फुंकलेला,
पहिल्या दिवशी म्हणाला होता:
फाऊल झाला तिथवर धावत जा,
लांबून वाजवलीस तर सगळ्यांना वाटतं, याला दिसलंच नाही.
शिट्टी मोठी, आवाज लहान.
आणि निर्णय दिलास की पाठ फिरवून चालू लाग,
मागे कोण येतंय ते बघू नकोस.

हे शेवटचं अजून जमत नाही.
मी बघतो.

त्या रात्री शमनादनं मागून पाय घातला.
दिलबहादूर घोटा धरून लोळला,
आणि क्षणात माझ्याभोवती घामाची भिंत.
कुणाचा तरी हात माझ्या खांद्यावर,
कुणाचं तरी बोट नाकासमोर.
मी छातीच्या खिशातून कार्ड काढलं,
हात सरळ वर केला, अगदी शिकवल्यासारखा.

सगळे गप्प.
मग शमनाद डोळे बारीक करून म्हणाला,
"सर, ये तो आपका बताका है."

वर पाहिलं. दिव्याच्या झोतात माझाच फोटो,
केस होते तेव्हाचा.
व्यवसाय: स्टोअरकीपर. मुदत: फेब्रुवारीपर्यंत.
दिलबहादूर पडल्या जागी हसायला लागला,
एका हातानं घोटा सोडत नव्हता.
भिंत हसता हसता विस्कटली.

मलाही हसू फुटत होतं. दाताखाली धरलं.
हसलो असतो तर उरलेली अठरा मिनिटं
माझी राहिली नसती.
बताका आत ठेवला, मागच्या खिशातून पिवळं काढलं,
पुन्हा हात वर, पुन्हा तोच कोन.
पेन्सिलीनं नंबर लिहिला: सात.
आणि चालू लागलो.

शेवटच्या मिनिटाला एक गोल दिला.
ऑफसाइड असेल, नसेल.
लाइनवर उभा राहणारा माणूस नाइट शिफ्टला गेला होता.
अब्देलमोनीमला फोन केला तर म्हणाला,
दिलास ना? मग गोल.
त्याला झोप लागली असावी. मला तो पाय
अजून दिसतो, मातीच्या वर, रेषा नसलेल्या जागी.

मैदान रिकामं झाल्यावर पिकअपपाशी आलो
आणि आधी टायर पाहिले.
चारही फुगलेले.
तरी वाकून एकेकाला अंगठा लावून बघितला.