एकच चमचा

सिबियूच्या छपरांना डोळे आहेत,
कौलांच्या पापण्यांखाली अर्धमिटले.
चौकात मी नकाशा उलटा धरून उभी
आणि ते बघतात, हसत नाहीत.
शतकानुशतकं बघत आलेल्यांना
एका वाट चुकलेल्या बाईचं काय कौतुक.

बस मला बियेर्तानला सोडते. सोडते म्हणजे टाकून जाते;
परतीची उद्या, आली तर.
टेकडीवर चर्च, चर्चभोवती तट,
तटाभोवती तट, त्याभोवती आणखी एक. कांदाच.
आत शिरताना डोळ्यांत पाणी यायला हवं,
असा विनोद मला सुचतो
आणि सांगायला कुणी नसतं.

किल्ल्या हर्मिनेबाईंकडे. वय ऐंशीच्या पलीकडे,
एप्रनच्या खिशात अक्रोड.
माझं मोडकं जर्मन त्या दोन्ही हातांनी झेलतात.
इथली जर्मन घरं नव्वद साली उठून गेली,
एका उन्हाळ्यात, पाखरांसारखी.
जाताना लोकांनी अंगणं झाडली म्हणे.
कुणासाठी, ते कुणी विचारलं नाही.
"कबरी राहिल्या. त्यांना पासपोर्ट मिळेना."
हे त्या दुधाचा हिशेब सांगावा तसं सांगतात.

मग ती खोली.
काडीमोड मागणाऱ्या नवराबायकोला इथे कोंडायचे.
एक पलंग, तोही अरुंद. एक ताट.
एक चमचा.
तीनशे वर्षांत एकच जोडपं मोडलं, असं सांगतात.
"आणि बाकीची?"
हर्मिनेबाई खांदे उडवतात. "बाकीची बाहेर आली."
जुळून आली, असं म्हणत नाहीत.

आमच्याकडे चमचे दोन डझन होते,
आहेरातले, निळ्या मखमलीच्या पेटीत.
वाटणीच्या दिवशी सुधन्वा म्हणाला, तू ठेव.
मी म्हटलं, तू ठेव.
इतक्या सौजन्याने कुणी भांडलं नसेल.
पेटी अजून वकिलाच्या कपाटावर आहे.

निघताना हर्मिनेबाई दोन अक्रोड हातावर ठेवतात.
"एकाने भागत नाही," एवढंच.

पुढे डोंगर. तीन दिवस नुसता चढ.
दगडादगडावर निळ्या पट्ट्याची खूण,
मग एका दगडावर नाही.
चिखलात अस्वलाचं पाऊल, टाचेसकट,
अनवाणी माणसाचंच वाटावं,
जाडजूड, कसलीही घाई नसलेल्या.
त्यात पाणी साचलेलं, आणि पाण्यात ढग.

खाली भिंती होत्या, माणसं गेलेली.
इथे भिंतच नाही; तटाचं काम कुत्री करतात.
धुक्यातून आधी भुंकणं येतं,
मग दात,
मग एक शिट्टी, आणि सगळं चिडीचूप.
मग तोआदेर, मेंढीच्या कातड्याचा डगला घातलेला,
मेंढ्यांहून जरासाच उंच.

आम्हाला सामायिक असा एकही शब्द नाही.
झोपडीत धूर. मक्याची उकड तो दोऱ्याने कापतो,
वाडग्यात टाकतो, वर कोमट दूध.
चमचा एकच. लाकडी, कडेला दातांच्या खुणा.
आधी माझ्याकडे.
मी एक घास घेते, परत देते.
तो बाहीला पुसतो, एक घास घेतो. परत माझी पाळी.
वाडगं संपेतो असंच.
दुसऱ्याचं तोंड रिकामं व्हायची वाट बघायची,
बाकी काही नाही.

सुधन्वा भराभर जेवायचा.
त्याचं ताट कधी उचलता येईल
याची मी वाट बघत असे.
तेही वाट बघणंच होतं. वेगळ्या जातीचं.

रात्रभर कुत्री कुणावर तरी भुंकत राहिली.
सकाळी तोआदेरने मेंढ्या मोजल्या, दोनदा,
आणि खिंडीकडे बोट दाखवलं.
मी अक्रोड काढले.
त्याने दोन्ही एका मुठीत धरून आवळले.
अशात फुटतो एकच.
फुटला तो आम्ही अर्धा अर्धा खाल्ला, जरा कडू होता.
दुसरा माझ्या खिशात,
उतारभर मांडीला लागत राहिला.