पंच क्रमांक दोन

फौजदार कानडीत लिहीत होता,
मी त्याच्या बोटांकडे बघत होतो.
लोखंडी नळी एक. चाप एक. लाकडी दस्ता एक.
जमादार मराठीत सांगायचा, त्याच्यापुरतं, अर्धंमुर्धं.
जांबोटीच्या खाली, मष्णू लोहाराच्या भात्यापाशी
दोन पोलीस, एक गोणपाट, आम्ही दोन पंच:
पहिला रवळू गुरव, त्याला ऐकू येत नाही,
दुसरा मी, मला कानडी अक्षर येत नाही.

इनामदारांची बंदूक आठवड्यापूर्वीच
खानापूरच्या ठाण्यात जमा झालेली. निवडणूक आहे.
तिला नंबर आहे, पावती आहे,
परत न्यायची तारीख आहे.
डुकरांना आचारसंहिता कुणी वाचून दाखवली नाही.
ती येतात, ऊस मोडतात,
सकाळी फड असा दिसतो
की कुणी रात्रभर काहीतरी हरवलेलं शोधत होतं.

सावंत्रा काजूच्या बिया वेचायला गेलेली.
उजाडायचं होतं. पाला वाजला.
वाजलेल्या पाल्याला नाव नसतं.
बेळगावच्या सिव्हिलात मांडीतून सतरा छर्रे काढले,
अठरावा, डॉक्टर म्हणाले, राहू दे.
झाडली कुणी, गावाला ठाऊक.
कागदावर: अज्ञात.

मष्णू गप्प. त्याच्या डाव्या हाताला तीनच बोटं,
गेलेल्या दोघांचा पंचनामा कधी झाला नाही.
ऐरण जप्त करायची का, इथं साहेब अडला.
तिच्यावर कोयते होतात, विळे होतात,
सातेरीच्या पालखीच्या कड्याही तिथंच झाल्या.
भाता न्यायचा तर जीप लहान.
शेवटी कानस नेली.

मग दस्ता माझ्या हातात दिला, बघून घ्या म्हणून.
पिवळा फणस. एका अंगाला गाठ, डोळ्याएवढी.
माझ्या दाराच्या चौकटीतला उरलेला तुकडा.
मीच दिलेला, दोन कोयत्यांच्या बदल्यात.
कशाला हवा, विचारलं नव्हतं.
विचारायची रीत नाही.

"सही माडरी," जमादार म्हणाला.
मी मराठीत केली,
कानडी ओळींच्या तळाशी.

तिसऱ्या रात्री ओढ्यापलीकडं आवाज झाला.
एकच. कुत्री भुंकली, निजली.
बायको अंधारात म्हणाली, डुक्कर असेल.
मी म्हटलं, असेल.

मष्णू जामिनावर आला तेव्हा विळा घेऊन गेलो.
कानस नवी होती.
वर न बघता म्हणाला,
"गोठ्याची चौकट बदलणार म्हणे तू?
तुकडाबिकडा उरला तर सांग की."

मी विळा पुढे केला.