नाश-सूची

बेतीच्या कचेरीत, मागल्या खोलीत,
मांडवीकडची खिडकी गंजून कायमची मिटलेली,
तिथे तीन दिवस मी कागद वेगळे करते आहे.

अ म्हणजे कायम.
ब तीस वर्षं. क दहा.
ड म्हणजे लेखापरीक्षा आटोपल्यावर एक वर्ष,
मग काही नाही.
नियम चांगले आहेत, छापील आहेत.
सेवापुस्तकं, जागेचे दस्त, धक्क्यांचे नकाशे: अ.
रजेचे अर्ज क,
म्हणजे मेव्हणीचं लग्न दहा वर्षं टिकतं,
संसाराचं पुढे काहीही होवो.

फेरीबोटींच्या नोंदवह्या ड.
पूल झाला, धक्का सुटला,
वह्या पोत्यांतून इथे आल्या,
पानांना डिझेलचा वास, कसरीची नक्षी.
कुठली बोट कुठल्या काठावरून किती वाजता निघाली
हे आता कोणाला हवंय, हळर्णकरबाई?
साहेब म्हणाले. साहेब वाईट नाहीत.
त्यांना खोली रिकामी हवी आहे, संगणक यायचे आहेत.

समितीत तिघं. एक रजेवर.
दुसऱ्याने चहा थंड व्हायच्या आत सही केली.
राहिले मी.
माझी सही व्हायची आहे म्हणून वाचत गेले.

सतरा ऑगस्ट, शेवटची खेप, रात्री नऊ वीस.
प्रवासी चार, दुचाकी एक.
बोट मध्यावर दोन मिनिटं थांबवली.
विलंबाचं कारण: काही नाही.
सारंग: इनास दियश.

पुढच्या वर्षीची वही. सतरा ऑगस्ट. दोन मिनिटं. काही नाही.
त्याच्या पुढची. प्रवासी अकरा, एक आजारी म्हैस.
दोन मिनिटं.
मग एक वर्ष इंजिन बिघडलेलं:
बोट धक्क्यालाच बांधून होती, खेपा रद्द,
तरी खाली त्याच तिरक्या अक्षरात
नऊ चाळीसला दोन मिनिटं थांबलो.

बांधलेली बोट कशी थांबते, इनास?

आणि शेवटल्या वहीत अक्षर दुसरंच,
बदली सारंगाचं, गोल, शाळकरी:
मध्यावर दोन मिनिटं थांबवली.
इनासने सांगून ठेवलं होतं.

मी त्याचं सेवापुस्तक काढलं. ते अ वर्गात,
जाड पुठ्ठा, लाल फडकं, वाळवीचं औषध.
जन्म. वेतनश्रेणी. उंची, डाव्या भुवईवर व्रण.
दोनदा ताकीद. निवृत्ती.
सतरा ऑगस्ट कुठेच नाही.
जे कायम ठेवायचं त्यात माणूस एवढाच.

कोणाला विचारता आलं असतं.
जुना खलाशी शाणू अजून बाजारात दिसतो,
तिसऱ्यांच्या पाटीशी भाव करताना.
दोनदा समोर आला. दोनदा मी
भाव विचारला, तिसऱ्यांचाच.

शेवटी कायद्यानेच वाट दाखवली.
वह्या ड. त्या जाणार.
पण काय काय नष्ट केलं त्याची यादी,
ती नाश-सूची, कलमाप्रमाणे: अ.
जे उरलं नाही त्याचा हिशेब कायम राहतो.
यादीत एक रकाना असतो, वर्णन, दोन बोटं रुंद.
लोक लिहितात: नोंदवह्या, सव्वीस नग.

मी बारीक निब घेतलं.
नग क्रमांक एक. सतरा ऑगस्ट. प्रवासी चार.
नग क्रमांक दोन.
म्हैस लिहिली. बांधलेली बोट लिहिली.
बदली सारंगाचं वाक्य अवतरणात घेतलं,
कारणाचा रकाना होता तसाच उतरवला, काही नाही, सव्वीस वेळा.
पुरवण्या नऊ जोडल्या.

साहेबांनी चष्मा वर केला.
एवढं काय आहे यात?
तपशील, म्हटलं.
त्यांनी शिक्का शोधला, मारला.

म्हापशाचा भंगारवाला दुपारी टेम्पो घेऊन आला.
पोती काट्यावर चढली. एक्केचाळीस किलो.
खोली झाडून घेतली.
पावती मिळाली, तिच्यावर मी पेन्सिलीने वर्ग घातला.
क. दहा वर्षं.