बैठक

तुर्भ्याला, पुलाखाली, ट्रक टर्मिनलच्या भिंतीला लागून
माझं दुकान. दुकान म्हणजे एक मशीन,
रेक्झिनची सहा भेंडोळी
आणि उन्हामागे सरकवायची ताडपत्री.

ती दोनशे सात येऊन थांबली तेव्हा वाटलं, आत कोणी नाहीच.
स्टिअरिंगच्या वर नुसता अंबाडा, अंबाड्यात अबोली.
मग दार उघडलं आणि पायरी चाचपत
खाली उतरल्या दमयंती नाखवा, दिवाळ्याच्या.

गाडी सोळा वर्षांची. इंजिनाचं एक अक्षर नाही बोलल्या.
सीटवर थाप मारली, धूळ उडाली.
"दुसऱ्याचे खड्ड्यान मी नाय बसाची."

खड्डा होता खरा.
डावीकडे जास्त खोल.
आधीचा गडी एका अंगावर रेलून चालवत असणार,
कोपर खिडकीबाहेर.

चार बोल्ट काढले. सीट फुटपाथवर उपडी घातली,
पोट फाडलं.
काथ्या, गंजक्या स्प्रिंगा,
कांद्याची सालं,
मार्केटची पावती, आणखी सालं,
तीन जुने रुपये, चिंचोके,
आणि कुणा पोरीची गुलाबी पिन.
रुपये त्यांनी कनवटीला लावले.
पिन उलटीपालटी करून माझ्या हातात दिली:
"नीट ठेव कुठंतरी. कोण जाणे."

मी सीटचं माप घेत नाही कधी.
एकतीस वर्षांचा हात आहे,
ड्रायव्हर म्हणजे ड्रायव्हर.
बाई म्हणाल्या, "मना बसवून बघ आधी."
बसवलं.
क्लचपर्यंत पाय पोचेना. टाच हवेत.
पाठीला घरची उशी, खाली दुमडलेलं गोणपाट,
अशाच तीन महिने जात होत्या
पहाटे अडीचला, वाशीच्या पुलावरून भाऊच्या धक्क्याला,
मागे बर्फ, पुढे मान उंच करून.

मग टेप काढली. लाज वाटली थोडी, पण काढली.
अडीच इंच वर, चार इंच पुढे,
कमरेशी फुगवटा, मांडीखाली उतार,
क्लचच्या पट्टीवर टायरच्या रबराचा तुकडा.
लाल रेक्झिन दाखवलं, चौकड्या शिलाईचं. सगळे तेच घेतात.
"लग्नाला जायचंय काय मना?"
त्यांना निळं हवं होतं, होडीच्या अंगाला लावतात तसलं,
आणि बादलीभर पाणी मारलं तरी शिवणीतून झिरपू नये.
दारात खण केला कोयत्यासाठी, आडवा,
ब्रेक मारला की खाली पडू नये असा.

डॅशबोर्डवर चिकटपट्टीचे तीन काळे डाग होते.
देव नेलेला, गोंद तेवढा उरलेला.
रॉकेलने घासले. विचारलं, इथे काय लावू? एकवीरा आणू?
"आई घरी हाय. अडीचला कशाला उठवायची तिला?"

संध्याकाळी बसल्या.
आरसा खाली ओढला, तो आपोआप बरोबर आला.
काही म्हणाल्या नाहीत. क्लच दाबला, सोडला,
परत दाबला.
पैसे मोजून दिले, वर एक पापलेट,
पिशवीतून बर्फाचं पाणी गळत होतं.
सिग्नलपाशी वळताना खिडकीत
अंबाड्याखालचा अख्खा चेहरा दिसला.

जुना फोम फेकला नाही मी. भंगारवाला किलोला काय देणार?
भिंतीशी टाकून ठेवला,
दुपारी गिऱ्हाईक नसलं की टेकतो त्याच्यावर.
परवा लक्षात आलं,
त्या कांदेवाल्याच्या खड्ड्यात
मी नेमका बसतो.
डावीकडे जास्त खोल, तिथे माझंही वजन.
कुठे टोचत नाही, कुठे काही सरकवावं लागत नाही.

इतक्या सीटा शिवल्या.
कुणाच्या मापाच्या, ते कधी विचारलं नव्हतं.

गुलाबी पिन मशीनच्या खणात आहे,
बॉबिनांच्या डबीत.
टेप आता गळ्यातच असते.